नाव कुणाचं घालू

“नाव कुणाचं घालू, सर?” शिवप्पानं उद्धव सरांना विचारलं. तसा प्रश्न साधाच होता. भांड्यावर नाव घालणारा माणूस फतकल मारून बसलाय, वायर बोर्डात खोचलेली आहे, हातातलं यंत्र किर्र करायला टपलंय. तो दुसरं काय विचारणार, तब्येतपाणी? पण सकाळच्या कोवळ्या उन्हात, स्वतःच्या घराच्या गच्चीवर, सरांच्या अंगावर काटा आला. लातूरच्या ट्यूशन एरियात तीस वर्षं केमिस्ट्री शिकवलेला माणूस. पोरांच्या प्रश्नाला फळ्याकडं तोंड असतानाच उत्तर देणारा. “थांब, आरतीला विचारतो,” असं काहीतरी पुटपुटून ते कठड्याशी गेले आणि समोरच्या मुलींच्या हॉस्टेलवरच्या काळ्या टाक्यांकडं बघत राहिले.

ज्या वस्तूवर नाव घालायचं होतं ती वस्तू म्हणजे एक ग्रिल. आता ग्रिल म्हटल्यावर आपल्याकडं खिडकीच आठवणार. हैदराबादहून लेकीचा, मनस्विनीचा, फोन आला होता, “बाबा, तुमच्या वाढदिवसाला ग्रिल पाठवतेय. मस्त स्टेनलेस स्टीलचं. गच्चीवर ठेवा.” तेव्हा सरांच्या बायकोनं, आरतीबाईंनी, शहाणपणा करून गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याला बोलावलंसुद्धा. त्यानं गच्चीच्या दाराची मापं घेतली, चहा प्याला, स्टीलचं ग्रिल लातुरात कुणी बसवत न्हाई म्हणाला आणि गेला. चौथ्या दिवशी दारात उतरलं ते भलतंच. खाली दोन चाकं, वर गोल झाकण, आत कोळशाचं पात्र आणि त्यावर जाळी. “अगं बाई, हे तर इस्त्रीवाल्याच्या गाड्यासारखं दिसतंय,” आरतीबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून किती तरी वेळ हसत होत्या. सरही हसले. तोवर सगळं ठीक होतं.

बिघडलं ते रविवारी. मनस्विनी आणि जावई अनय खास आले, गच्चीवर कोळसे पेटले, कणसं, पनीर, ढोबळी मिरची जाळीवर मांडली गेली. अनयनं ब्रशनं तूप लावलं. तुपाचा थेंब निखाऱ्यावर पडला, चर्र झालं, आणि धुराचा एक लोट सरळ सरांच्या तोंडावर आला. तो वास. मीठ आणतो म्हणून सर खाली गेले ते न्हाणीघरात कडी लावून, नळ सोडून बसले. लातुरात नळ उगाच सोडून बसणं म्हणजे पापच. तरी बसले. वर लेक हाका मारत होती, “बाबा, कणीस गार होतंय!” आणि त्यांना कणीस डोळ्यांपुढं आणवत नव्हतं.

पोरं गेली आणि सोमवारी सकाळी सर ग्रिल घासायला बसले. कुणी सांगितलं नव्हतं. सोबत आलेल्या पुस्तिकेत सगळं लिहिलेलं होतं: जाळी कोमट असतानाच ब्रशनं झाडावी, साबणाचं पाणी आणि मऊ फडकं वापरावं, लगेच कोरडं पुसावं, तारेची घासणी वापरू नये. पण आयुष्यभर दुसऱ्याला सूचना देणाऱ्याला सूचना वाचायची सवय नसते. त्यांना ते काळं, चिकट, झाकणाच्या आतून ओघळून वाळलेलं काहीतरी डोळ्यांपुढून घालवायचं होतं, बस्स. त्यांनी स्वयंपाकघरातली तारेची घासणी घेतली आणि दोन तास घासलं. उभं, आडवं, गोल, मिळेल तसं. बोटं सोलली. काळं गेलं. आठ दिवसांनी बघतात तर झाकणभर तपकिरी ठिपके, आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग ते वेगळेच. हेच ते बॅचमागून बॅच सांगत आले होते. “स्टेनलेस म्हणजे गंजणारच नाही असं नव्हे पोरांनो. त्यातल्या क्रोमियमचा वर एक पातळ थर बसतो, डोळ्यांना न दिसणारा. ओरखडा आला तरी हवा लागली की तो आपला आपण भरून येतो. फक्त साध्या लोखंडाचे कण त्यात रुतू देऊ नका, तेच गंजतात आणि डाग मात्र स्टीलच्या नावावर जातो.” पोरं लिहून घ्यायची. त्यातली कितीतरी डॉक्टर झाली, आणि मास्तर तारेची घासणी घेऊन बसला. शिकवणं वेगळं आणि हात चालणं वेगळं, हे खरं.

“मी शिवप्पाला सांगितलंय,” आरतीबाई काल म्हणाल्या. “तो मेसची भांडी चकाचक करून देतो. आणि येताना नावाचं यंत्रही आण म्हटलंय. आपल्या घरात बिननावाचं भांडं नाही.” सरांच्या हातातला पेपर खाली आला. कोण शिवप्पा ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. आरतीबाईंना एवढंच ठाऊक होतं की तो सासरच्या गावचा, भिंतीला भिंत लागून घर असलेल्या गुरम्मा आणि महादेवप्पाचा मुलगा. भूकंपानंतर तोही लातुरात आला. भांड्यांच्या दुकानापुढं बसून नावं घालायला लागला. मग ट्यूशनचा बाजार वाढला, उमरीहून, देगलूरहून, कुठून कुठून आईबाप पोरांना घेऊन उतरायला लागले, आणि पोराच्या ॲडमिशनबरोबर नवं ताट, वाटी, डबा घेऊन शिवप्पापुढं रांग लावायला लागले. “नाव घालून द्या हो, मेसमध्ये बदलाबदल होते.” सरांनी ते वाक्य एकदा येताजाता ऐकलं होतं, आणि त्यानंतर क्लासला जायचा त्यांचा रस्ता बदलला तो बदललाच. एका शहरात राहून माणूस माणसाला तीस वर्षं चुकवू शकतो. मनावर घ्यावं लागतं फक्त.

आणि आज तो गच्चीवर येऊन बसला होता. केस पांढरे, कपाळावर विभूतीची बोटं, चष्म्याला दोरी. आल्या आल्या त्यानं झाकणावर अंगठा फिरवला. “तारेनं घासलंय व्हय, सर?”

“हो.”

“केमिस्ट्रीच्या मास्तरानं?” तो हसला. मग सोडा आणि लिंबाचा रस कालवून ठिपक्यांना लावला, थोडा वेळ राहू दिला आणि मऊ फडक्यानं पुसायला लागला. घाई नाही, जोर नाही. “स्टीलला रेघ असती बघा. कापडाला धागा असतो तशी. तिच्या मागं मागं जायचं. आडवं गेलं की ते जलमभर दाखवतंय. हे आडवं ओरखडं आता जायचं न्हाईत. गंज तेवढा निघंल.” मग धुतलं, लगेच कोरडं केलं, जाळीला फडक्यानं गोडेतेलाचा हात दिला. “वापरलं की तेल लावून झाकून ठेवा. न वापरलं तरी महिन्याला एकदा बघा. भांडं इसरलं की बिघडतंय.” आणि मग यंत्र हातात घेऊन त्यानं तो प्रश्न विचारला.

कठड्याशी उभ्या सरांना टाक्या दिसत होत्या आणि दिसत नव्हत्या. डोळ्यांपुढं एक डबा होता. झाकणाच्या कडेला ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं, ‘सौ. साखराबाई हणमंतराव’. वडील गेले तरी ते ‘सौ.’ तसंच राहिलं. कोरलेलं कुठं पुसता येतं? आई राखुंडीनं भांडी घासायला लागली की त्या अक्षरावर अंगठा ठेवून घासायची. वाकलेली, पण बसायची नाही. शेतात उभी, चुलीपुढं ओणवी, जेवतानासुद्धा चौकटीला टेकून, हातावर भाकरी घेऊन. डाव्या हाताच्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं, ज्वारी काढताना विळ्यानं गेलेलं. “आई, बस की गं जरा,” म्हटलं की ठरलेलं उत्तर, “मेल्यावर बसंन की निवांत.” तिथं तो सर नव्हता, नुसता उद्धव होता.

त्र्याण्णव साली उद्धव लातुरात खोली करून राहिला होता. क्लास नुकता जोर धरत होता. पहाटेची बॅच होती, दुसऱ्या दिवशी टेस्ट होती, म्हणून त्या विसर्जनाला तो गावी गेला नाही. टेस्ट झालीच नाही. औशापर्यंत एसटी आणि पुढं दुधाच्या गाडीत बसून तो दुपारी पोचला तेव्हा गाव नव्हतं. धोंडे, पांढरी माती आणि त्यातून वर आलेल्या तुळया. आपलं घर कुठलं आणि महादेवप्पाचं कुठलं हे कळायला मार्ग नव्हता, मधली भिंत दोन्हींकडं सांडलेली. महादेवप्पाला जखमी अवस्थेत सोलापूरला नेलं होतं, तो तिकडंच गेला. शिवप्पा नांदेडला भांड्याच्या दुकानात कामाला होता, अजून पोचायचा होता. उद्धवनं एक दिवस हातांनी माती उपसली. दुसऱ्या दिवशी दुपारी जवानांनी एक बाई काढली. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. शेजारी डबा सापडला होता. जवानानं तो हिंदीत वाचून दाखवला, “साखराबाई. आपकी माँ?” उद्धव हो म्हणाला.

चादरीतून पाय बाहेर आले होते. त्यानं पाहिलं, अंगठ्याशेजारच्या बोटावर जोडव्याचा पांढरा वळ होता. आई विधवा होऊन आठ वर्षं झाली होती. आठ वर्षांत वळ जातो की राहतो? उद्धवला माहीत नव्हतं, सरांना आजही माहीत नाही, केमिस्ट्रीत हे नसतं. हात बघितला असता तर तिथल्या तिथं निकाल लागला असता. हात चादरीत होता. त्यानं चादर उचलली नाही. खरं सांगायचं तर त्याला ती आईच हवी होती. पुन्हा त्या ढिगाजवळ जाऊन बसायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. आभाळ भरून आलेलं, सगळे घाई करत होते. त्यानं पाय झाकले, घराच्याच तुळया रचल्या, रॉकेल ओतलं आणि अग्नी दिला. तो वास. त्या संध्याकाळी शिवप्पा आला. जवानांनी त्याच्यापुढंही एक बाई ठेवली, शेजारी ‘गुरम्मा महादेवप्पा’ कोरलेली तपेली. चितेजवळ बसून उद्धव बघत होता. शिवप्पानं चादर बाजूला केली, बराच वेळ बघितलं. मग मान वर करून चितेकडं बघितलं. बाईला बैलगाडीत घालून आपल्या शेताकडं घेऊन गेला. लिंगायत ते, त्यांच्यात जाळत नाहीत, पुरतात.

तेरावं उरकल्यावर, लातूरच्या खोलीत दाढी करताना, उद्धवला आठवलं. भूकंपाच्या आदल्या रविवारी तो घरी गेला होता तेव्हा आईच्या फळीवर गुरम्माची तपेली होती. “ह्यात काहीतरी घालून दिली पाहिजे,” आई म्हणाली होती. “आपला डबा त्यांच्यात आन त्यांची तपेली आपल्यात. रिकामं भांडं कसं धाडू?” वस्तरा तिथंच थांबला. भांडी शेजारपाजारी फिरतात, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? नाव भांड्याच्या मालकिणीचं असतं, भांड्याशेजारी सापडलेल्या बाईचं नव्हे. गुरम्माच्या घरात साखराबाईचा डबा सापडणार, आणि साखराबाईच्या घरात गुरम्माची तपेली. मग आपण जाळली ती कोण? आणि शिवप्पानं पुरली ती? हे विचारायला एकच माणूस होता, आणि त्याला विचारलं तर, “तुझी आई मी जाळली,” असं सांगावं लागणार होतं. त्याच्या धर्मात नसलेल्या आगीत. म्हणून विचारलं नाही. क्लास वाढला, घर झालं, मनस्विनी झाली. दर पितृपक्षात गच्चीवर पान ठेवलं की कावळा लगेच शिवायचा. आरती म्हणायची, “बघा, सासूबाई तृप्त आहेत.” आणि सर जेवणावरून उठायचे. शिवला, पण कुणासाठी?

“अहो, त्यात विचारायचं काय?” आरतीबाईंचा आवाज जिन्यातून आला. “सासूबाईंचंच घाला! घरातल्या सगळ्या भांड्यांवर त्यांचंच आहे. शिवप्पा, साखराबाई लिहा. चहा टाकलाय, येतेच.”

“बरं वैनी,” शिवप्पा म्हणाला. त्यानं चष्मा सारखा केला, यंत्राची सुई झाकणाच्या कडेला टेकवली. किर्र.

“थांब!” सर ओरडले. एवढ्या जोरात की हॉस्टेलच्या खिडकीतून दोन पोरींनी पुस्तकातून मान वर केली. “ह्याच्यावर नको. तिचं नाव जाळावर नको, शिवप्पा.” ते येऊन त्याच्यापुढं उकिडवे बसले. गुडघे कडकड वाजले. स्टीलवर एक टिंब उमटलं होतं, तेवढंच. “मला सांग. त्या दिवशी मी अग्नी कुणाला दिला?”

शिवप्पानं हात लांब करून वायर काढली. यंत्र फडक्यात गुंडाळलं.

“तीस वर्सं लागली व्हय, उद्धवआण्णा, तुम्हाला हे इचारायला?”

आण्णा. गाव पडल्यापासून ह्या नावानं कुणी हाक मारली नव्हती.

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“तपेलीवरचं नाव मी घातलेलं. नांदेडात शिकलो तवाचं पयलं काम, ‘म्मा’ वाकडा झालाय बघा त्यातला. म्हनलं, माय सापडली. आन चादर काढली तर करंगळीला पेर न्हाई. त्या हातानं मला शाळंला जाताना भाकरी दिलीया आण्णा, तूप लावून. त्यो हात वळखू येत न्हाई व्हय?”

“मग बोलला का नाहीस?”

“काय बोलू? तुमच्याकडं बघितलं. जाळ चांगलाच धरला व्हता. तुम्ही गुडघ्यात डोकं घालून बसलेले. त्यात माझी माय हाय म्हनलं असतं तर काय केलं असतं तुम्ही? जाळात हात घातला असता. तेवढं कळत व्हतं मला.”

“तुमच्यात जाळत नाहीत,” उद्धव म्हणाला.

“न्हाई जाळत.” शिवप्पानं झाकणावरून फडकं फिरवलं, रेघेच्या मागं मागं, जिथं पुसायला काही उरलं नव्हतं तिथंही. “खोटं कशाला बोलू, लई राग आला व्हता. अजून हाय थोडा. तुम्हाला वाटत आसंल तुम्हीच मला चुकवताव. मीबी तुमच्या गल्लीला येत न्हवतो. काल वैनीचा फोन आला तवा न्हाई म्हननार व्हतो. मग म्हनलं, जाऊन तर बघू, इचारतेत का.”

उद्धवनं मान खाली घातली. गंजाचं तपकिरी पाणी मोरीकडं गेलं होतं, वाटेत एक ओल राहिली होती. मनात एवढी वर्षं रचून ठेवलेली माफीची वाक्यं होती, एकही आठवेना. जे आठवलं ते विचारायला त्याला लाज वाटत होती, तरी विचारलं.

“आणि माझी आई?”

“हाय की. आमच्याच शेतात. बांधाच्या वरल्या अंगाला, लिंबाखाली.” शिवप्पा एखाद्या खुशालीसारखं सांगत होता. “त्या दिवशी जंगम कुठनं आणू? मीच इभूत लावली, मीच मंत्र म्हनलो, येतो तेवढा. मराठ्याची बाई आमच्या रीतीनं घातली, चुकलं आसंल तर मापी करा. पर मोकळी कशी टाकू? दर साली जातो. फुलं वाहतो. जगाची नावं घालतो मी आण्णा, तिथल्या दगडावर न्हाई घातलं. कुणाचं घालू? माझ्या मायचं घातलं तर खोटं, आन तुमच्या मायचं घातलं तर तुम्हाला कळंल.”

उद्धवनं शिवप्पाचा हात धरला, सोड्याचा, लिंबाचा, तेलाचा चिकट हात. शिवप्पानं तो काढून घेतला नाही.

“आन एक,” शिवप्पा म्हणाला. “घाबरू नका, दाटून-चेपून न्हाई ठिवली. आमच्यात आडवं ठेवत न्हाईत मानसाला. बसवतेत. मांडी घालून, निवांत बसवलीया तिला.”

उद्धवच्या तोंडातून आधी हसूच फुटलं. पोटातून आलं, आवरेना. मग ते हसू कुठं संपलं आणि काय सुरू झालं ते त्याचं त्याला कळलं नाही. आरतीबाई चहाचा ट्रे घेऊन वर आल्या तेव्हा सर, जावयासमोरसुद्धा बनियनवर न बसणारे सर, ग्रिलच्या चकचकीत झाकणावर कपाळ टेकून लहान पोरासारखे हुंदके देत होते, आणि शिवप्पा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता. ट्रे त्यांच्या हातात तसाच राहिला.

“अगं बाई! काय झालं? नाव चुकलं का?”

उद्धवनं तोंड वर केलं.

“बसलीय गं,” तो म्हणाला. “आई बसलीय.”